वन्संच्या पलंगाखालच्या फळ्या

आमच्या सोसायटीच्या मागच्या अंगाला, पाण्याच्या टाकीला लागून, एक शिसवाचं झाड होतं. ते शिसवाचं आहे हे कळायला मला बरीच वर्षं लागली. लग्न होऊन मी या इमारतीत आले तेव्हा ते जेमतेम कमरेइतकं होतं, आणि तेव्हाच्या त्या शहाण्या मुलीनं, म्हणजे मीच, बघताक्षणी जाहीर केलं की हा शेवगा आहे. नुसतं जाहीर करून थांबली असती तर एक वेळ चाललं असतं. तिनं त्याला तांदूळ धुतलेलं पाणी घातलं, राख घातली आणि तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळ्या बायकांना शेंगा कबूल केल्या. लोक सभ्य होते, वाट पाहत राहिले. पुढे केव्हातरी झाडाला बोटभर लांबीच्या, चपट्या, कागदासारख्या शेंगा लागल्या. समोरच्या काकूंनी त्यातली एक उचलून माझ्या उंबऱ्यावर ठेवली आणि विचारलं, "याची आमटी करतात की नुसतीच परततात?"

हे सांगायचं कारण एवढंच, की त्या झाडाबद्दल मी पहिल्यापासून चुकत आले आणि चुकताना प्रत्येक वेळी माझी पूर्ण खात्री होती.

काही वर्षांपूर्वी आमची इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं. नव्या नकाशात झाडाच्या जागी गाड्यांचा उतार आला. झाड तोडायची परवानगी, लाकूड हलवायची परवानगी, सगळं रीतसर झालं आणि एके सकाळी बिल्डरचा माणूस येऊन म्हणाला, "आजी, लाकडाचं तुम्ही काही बघू नका. आमचा कंत्राटदार उचलून नेईल. तुम्हाला काही त्रास नाही."

'तुम्हाला काही त्रास नाही' असं कुणी म्हटलं की माझे कान उभे राहतात. आयुष्यभराचा अनुभव आहे, असं म्हणणारा माणूस जाताना काहीतरी घेऊन जातो.

"कुठे नेईल?" मी विचारलं.

"जळणाला. कुठे म्हणजे काय."

"एवढा ओंडका जळणाला?"

"वाळवी लागलीय आतून."

मी चपला घालून मागे गेले. खोड आडवं पडलं होतं. सालीखाली बोटभर पांढरट कड, आणि आत वांग्याच्या रंगाचा, जवळजवळ काळा, घट्ट गाभा. वाळवीला तिथे दात लावायची हिंमत झाली नसती. कंत्राटदाराचा माणूस त्या गाभ्यावर हात फिरवत उभा होता. जळाऊ लाकडावर कुणी असा हात फिरवत नाही. मी सरळ त्या खोडावर बसले आणि सोसायटीचे सेक्रेटरी येईपर्यंत उठले नाही.

सेक्रेटरींनी विचारलं, "काय करणार आहात याचं?"

"झोपाळा."

झोपाळा मला लहानपणापासून हवा होता. जुन्या घरात कड्या लावायला ह्यांनी कधी होकार दिला नाही. स्लॅबला भोक पाडलं की वरचे लोक आपल्या ताटात येऊन बसतील, असं ह्यांचं म्हणणं. नव्या घराच्या दिवाणखान्यात मात्र स्लॅब पडायच्या आधीच मी बिल्डरच्या मागे लागून दोन दणकट कड्या बसवून घेणार होते. फळी शिसवीची, आणि तीही आमच्याच झाडाची. बाकी कुणाला लाकूड नको होतं. समोरच्या काकू गॅलरीतून म्हणाल्या, "देऊन टाका हो त्यांना. शेंगांच्या वेळी फार मनाला लावून घेतलं होतं."

ओंडका टेम्पोतून टिंबर मार्केटमधल्या एका वखारीत न्यायचा होता. आता, वखारीत ओंडका एकदा आत गेला की कुणाचा कुठला हे कोण सांगणार? सकाळी शिसव आत जायचा आणि संध्याकाळी बाभळीच्या फळ्या बाहेर यायच्या. म्हणून निघायच्या आधी मी ओंडक्याच्या दोन्ही तोंडांवर लाल ऑइल पेंटनं भलंमोठं स्वस्तिक काढलं आणि उरलेला रंग वाया कशाला घालवायचा म्हणून भोवतीचं सगळं तोंड रंगवून टाकलं. वखारीचे मालक ते बघून खूश झाले.

"बरं केलंत आजी. तोंडाला रंग लावला की लाकूड चिरत नाही. कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही. तुम्ही ओंडका बदलू नये म्हणून लावलाय."

 त्यांनी पोऱ्याला हाक न मारता स्वतःच एक खुर्ची उचलून आऱ्याच्या समोर, सावलीत ठेवली. "मग बसा," म्हणाले.

मी बसले. डबा नेला होता, तो तिथेच खाल्ला. आरा सुरू झाला की बोलणं ऐकू येत नव्हतं, त्यामुळे मला फक्त बघायचं काम होतं आणि ते मी डोळ्यांत तेल घालून केलं. मधल्या गाभ्यातून लागोपाठ दोन फळ्या निघाल्या, सगळ्यात रुंद. कापलेली बाजू वर करून शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा दोन्हीवरच्या काळ्या रेषा एकमेकींकडे वळल्या, आरशात बघितल्यासारख्या. या दोन जोडल्या की झाला झोपाळा. बाकीच्या फळ्या अरुंद होत्या, कडेला पांढऱ्या. त्यांचं काय करायचं ते नंतर बघू म्हटलं.

मालक म्हणाले, "लाकूड ओलं आहे. निदान वर्ष-दीड वर्ष सावलीत, हवेवर वाळू दे. इथेच ठेवा. आम्ही एकावर एक रचतो, मध्ये पट्ट्या घालतो. वाकणार नाही."

"इथेच?" मी म्हटलं.

"हो. शेडमध्ये."

"आणि भाडं?"

"त्याचं काय घ्यायचं तुमच्याकडून."

झालं. फुकट ठेवतो म्हणणारा माणूस. त्या वेळी मी सत्तरीच्याही आतली होते, त्या वयात माणसाला आपण फार हुशार आहोत असं वाटतं. मी सगळ्या फळ्या त्याच टेम्पोत परत घातल्या.

आता ठेवायच्या कुठे? इमारत पडणार म्हणून तोवर आम्ही कर्वेनगरला भाड्याच्या दोन खोल्यांत गेलो होतो. अरुंद फळ्यांपैकी बहुतेक आमच्या पलंगाखाली गेल्या, उरलेल्या सुनेच्या आईकडे, म्हणजे विहीणबाईंकडे. त्या दोन रुंद फळ्या मात्र लिफ्टमध्ये मावेनात आणि जिन्यात वळेनात. शेवटी तळमजल्यावर राहणारं आमच्यातलं एकच माणूस उरलं. माझी नणंद.

वन्सं सहकारनगरला एकट्या राहतात. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा बेंगळुरूला. माझ्याहून एका वर्षानं मोठ्या, ह्यांच्याहून लहान. आमच्यात भांडण कधीच झालेलं नाही. पुण्यात भांडण करत नाहीत, चौकशी करतात. मी त्यांच्या आतल्या खोलीतल्या लोखंडी पलंगाखाली फळ्या सरकवल्या आणि सूचना दिल्या. खाली लाकडी पट्ट्या ठेवल्या आहेत, त्या हलवू नका. ओलं फडकं लावू देऊ नका. ऊन नको. वर काही ठेवू नका.

वन्संनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "अधूनमधून बोलायचं का त्यांच्याशी?"

घरी आल्यावर मी आमच्या फळ्यांची व्यवस्था लावली. आमच्या घरात नव्या वस्तूवरचं प्लास्टिक काढायची पद्धत नाही. टीव्हीचा रिमोट पिशवीत, मिक्सर टोपीत, मोटारीच्या सीटांवरचं वेष्टन गाडी विकताना काढलं. तर एवढ्या मोलाचं लाकूड उघडं कसं ठेवायचं? मी गादीवाल्याकडून जाड प्लास्टिक आणलं, एकेक फळी तान्ह्या बाळासारखी गुंडाळली आणि दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावली. हवा आत जाणार नाही, ओल आत जाणार नाही, कुणाचा हात तर नाहीच नाही. ह्यांनी एवढंच विचारलं, "ते हवेवर ठेवायला म्हणाले होते ना?" मी म्हटलं, "ते म्हणणारच. त्यांना फळ्या खराब करून परत विकत घ्यायच्या असतील."

मग संशयाचे दिवस सुरू झाले. गौरी-गणपतीत विहीणबाईंकडे हळदीकुंकवाला गेले तर गौरींच्या पायऱ्या मला ओळखीच्या वाटल्या. वरचं जरीचं कापड सहज म्हणून जरा उचललं. माझ्याच फळ्या. विहीणबाई म्हणाल्या, "देवाच्या कामी आल्या, अजून काय हवं?"  मी मनात म्हटलं, पुण्यातल्या सगळ्यात धार्मिक घरी हे चाललंय, तर सहकारनगरला काय चाललं असेल?

पुढच्याच आठवड्यात मेतकूट द्यायच्या निमित्तानं गेले. वन्संनी चहा केला, खारी दिली. आतल्या खोलीचं दार लोटलेलं.

"फळ्या कशा आहेत?" मी विचारलं.

"मजेत आहेत."

"बघून येऊ का?"

"आत पसारा आहे हो, वहिनी."

वन्संच्या घरात पसारा! ज्या बाईच्या फोडणीच्या डब्यातली मोहरीसुद्धा रांगेत उभी असते. मी नाकानं काम सुरू केलं. दाराच्या फटीतून तेलाचा वास येत होता, दाट, कडवट. तसा वास मला एकाच गोष्टीचा माहीत होता, सुताराच्या पॉलिशचा. निघताना मागच्या व्हरांड्यात नजर गेली तर प्लायचे दोन मोठे तुकडे भिंतीला टेकवून ठेवलेले. मधोमध मोडलेले. म्हणजे इथे सुतारकाम झालं होतं. म्हणजे माझ्या झोपाळ्याचं टीपॉय झालं होतं, नाहीतर देव्हारा.

रिक्षात बसल्या बसल्या मी ह्यांना फोन केला. "तुमच्या बहिणीनं माझ्या फळ्या कापल्या."

"पाहिल्यास?"

"दार बंद होतं, म्हणजेच कापल्या."

ह्यांनी उसासा सोडला. हे उसासे मी लग्नापासून ऐकतेय. मी काही मनावर घेत नाही.

पुढच्या रविवारी मी ह्यांनाच पाठवलं. बहीण आहे, भावाला आत जाऊ देईल. हे गेले आणि पार जेवणाची वेळ टळल्यावर आले.

"आहेत," म्हणाले.

"दोन्ही?"

"दोन्ही."

"पलंगाखाली?"

इथे हे थांबले. किंचितच. पण इतकी वर्षं संसार केल्यावर किंचित पुरतं. "पलंगाशीच आहेत," म्हणाले आणि पेपर उघडला. सकाळी वाचलेला.

पलंगाखाली आहेत का, यावर 'पलंगाशीच' हे काय उत्तर झालं? आता संशयात भाऊही आला. माझ्या पाठीमागे काहीतरी ठरलं होतं. त्या दिवसापासून बहीण-भावाचे फोन वाढले. मी स्वयंपाकघरातून आले की हे म्हणायचे, "बरं, ठेव मग," आणि फोन खाली. ह्यांनी चाळीस वर्षांत कुणाचा फोन स्वतःहून ठेवलेला मला माहीत नाही, समोरचा कंटाळून ठेवतो.

असं करता करता नवी इमारत उभी राहिली. दिवाणखान्यात माझ्या दोन कड्या लटकत होत्या, खाली नुसती हवा. सुतार येऊन मापं घेऊन गेला. "फळ्या आणून ठेवा, लगेच करतो," म्हणाला. मी वन्संना फोन केला. या रविवारी त्यांच्याकडे पाहुणे. पुढच्या रविवारी डोळे तपासायचे. त्यानंतरच्या रविवारी त्या म्हणाल्या, "इतकी घाई काय आहे, वहिनी? आपल्या वयात झोपाळ्यावरून पडलं तर सरळ करायला कुणी येत नाही."

नोव्हेंबरात पेन्शनवाली सगळी माणसं हयातीचा दाखला द्यायला बँकेत जातात आणि अर्धा दिवस तिथेच हयात राहतात. वन्संच्या घराची जास्तीची किल्ली आमच्याकडे असते, अडीअडचणीसाठी. आता, अडचण कुणाची हे काही किल्लीवर लिहिलेलं नसतं. त्या बँकेत गेल्याचं मी ह्यांच्या फोनवरच्या बोलण्यावरून काढलं, भाजीला जाते म्हणून सांगितलं आणि सहकारनगर गाठलं. पिशवीत खरोखरच मेथीची जुडी घेतली होती, पुरावा म्हणून.

आतल्या खोलीचं दार ढकललं. पसारा कुठेही नव्हता. मी वाकून पलंगाखाली पाहिलं. रिकामं. नुसती लादी, तीही चकचकीत. मी तिथेच जमिनीवर बसले. खरं सांगते, रागापेक्षा वाईट वाटलं. आपला संशय खरा ठरला की मजा येते असं मला वाटायचं, तशी काही येत नाही.

उठण्यासाठी मी पलंगाच्या कडेला धरलं आणि हाताला गार, गुळगुळीत काहीतरी लागलं. गादीचा कोपरा उचलला. मग सगळी गादीच गुंडाळून बाजूला केली. पलंगाच्या लोखंडी चौकटीवर, जिथे प्लाय असायला हवा तिथे, माझ्या दोन फळ्या शेजारी शेजारी पहुडल्या होत्या. खाली माझ्याच पट्ट्या, एकसारख्या अंतरावर. दोन फळ्यांमध्ये बोटभर फट. वर जुन्या सुती साडीची घडी. रेषा तशाच एकमेकींकडे वळलेल्या, फक्त रंग आणखी गडद झालेला.

वाकल्या आहेत का बघायला मी एक डोळा मिटून पाहिलं. सरळ दिसल्या. पण माझ्या मोतीबिंदूवर माझा विश्वास नाही, म्हणून पाठीनं तपासावं म्हणून आडवी झाले. फळी कुठेही टोचत नव्हती, डुगडुगत नव्हती. उन्हातून आलेली, पोळी खाऊन निघालेली. पुढचं मला आठवत नाही.

"वहिनी, उशी देऊ का?"

डोळे उघडले तर वन्सं उशाशी उभ्या. एका हातात बँकेची पिशवी, दुसऱ्या हातात माझी मेथी.

"ही निवडून ठेवू, की अजून झोपणार आहात?"

मी उठून बसले.  त्या खुर्चीवर टेकल्या, टेकताना कमरेला हात लावला, आणि तोच कडवट तेलाचा वास आला. पॉलिश कसलं, कमरेला चोळायचं तेल होतं ते.

मागच्या वर्षीच्या पावसाळ्यात पलंगाचा प्लाय मधोमध मोडला होता. रात्रीत. वन्सं त्यातून खाली गेल्या. हाड मोडलं नाही, पण कंबर धरली. डॉक्टर म्हणाले, कडक अंथरुणावर झोपा. नवा प्लाय आणायचा तर कुणालातरी सांगावं लागलं असतं आणि सांगितलं की ते बेंगळुरूला पोचलं असतं.

"पडले हे कळलं असतं तर तो दुसऱ्या दिवशी विमानानं आला असता," वन्सं म्हणाल्या. "आणि जाताना मला घेऊन गेला असता. तिथे चौदाव्या मजल्यावर राहतो. खाली बघितलं की माणसं शेंगदाण्यासारखी दिसतात. फळ्या समोर होत्या. कामवालीला घेतलं आणि वर चढवल्या."

"मला सांगायचं."

"तुम्हाला सांगणं आणि वर्तमानपत्रात देणं यात स्वस्त काय ते बघत होते."

"ह्यांना सांगितलंत."

"दादाला नाही सांगितलं. त्यानं पाहिलं. तो बोलत नाही, हा त्याचा एक गुण तरी मान्य करा."

मग त्या उठल्या, साडीची घडी उचलून दोन्ही फळ्यांवरून हात फिरवला. "आता घेऊन जा. तुमच्याच आहेत. मी गादी जमिनीवर टाकेन. काही बिघडत नाही, उठताना तेवढा भिंतीला हात लावायचा."

हे असं आमच्याकडे माणसाला मारतात. मी म्हटलं, "सुताराला विचारते," आणि मेथी न घेताच निघाले. आधी बाकीच्या फळ्या जोडून झोपाळा होतोय का बघू, नाहीच झाला तर वन्संना नवा प्लाय आणून देऊ आणि माझ्या दोन घेऊन येऊ, असा सरळ हिशेब होता.

घरी येऊन सुताराला बोलावलं आणि त्याच्यासमोर प्लास्टिक फाडलं. आतून जो वास आला तो मी इथे वर्णन करत नाही. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब, फळ्यांवर हिरवी-पांढरी बुरशी, पांढऱ्या कडेला बारीक भोकं आणि पिठासारखा भुसा. एक फळी तर अशी पिळवटली होती की जमिनीवर ठेवली की आपोआप डुलायची. सुतारानं ती पायानं जरा डुलवून पाहिली.

"याचा झोपाळा होतोय आपोआप," म्हणाला. मग माझा चेहरा बघून गंभीर झाला. "दुसऱ्या दोन पलंगावर घातल्यात म्हणालात ना? त्या वाचल्या असतील तर वाचल्या. वर रोज कुणाचं वजन, खालून हवा, अजून काय पाहिजे लाकडाला."

ह्यांनी पेपर खाली केला नाही, पण पेपर हलत होता.

दोन दिवस मी दिवाणखान्यात त्या कड्यांखाली खुर्ची टाकून बसले. फळ्या माझ्या होत्या, यात वाद नव्हता. ज्या माझ्या हातात होत्या त्यांचा मी कुजवून भुसा केला होता, यातही नव्हता. आणि मला राहून राहून एक शंका येत होती, अजूनही येते. प्लाय मोडला, हे खरं. पण मोडलेला प्लाय पुन्हा आणायला वर्ष लागतं? गल्लीच्या तोंडाशी प्लायवूडचं दुकान आहे. ती बाई शिसवीवर झोपून बघत होती आणि तिला ते आवडलं होतं, असं माझं मत आहे. मलाही आवडलं होतं, म्हणून तर झोप लागली.

तिसऱ्या दिवशी सुताराला घेऊन मी सहकारनगरला गेले. त्यानं वन्संची लोखंडी चौकट काढली, सागाची घातली आणि त्या दोन फळ्यांना रंधा मारून त्यावर बसवल्या. रंधा फिरला तेव्हा खाली जो रंग निघाला तो बघायला शेजारचे दोघे आले. वन्संचे डोळे पाणावले वगैरे नाहीत. त्या म्हणाल्या, "उंची जरा कमी ठेवा," आणि चहा टाकायला गेल्या.

सुताराला मी बाजूला घेऊन एकच सांगितलं होतं. फळ्यांना एकही खिळा नको, स्क्रू नको, सरस नको. नुसत्या खाचेत बसव, उचलल्या की निघाल्या पाहिजेत.

हे त्यानं वन्संना सांगायला नको होतं. चहा देताना त्या मला म्हणाल्या, "एकही खिळा नको म्हणालात म्हणे."

"लाकूड हलतं ना हवेनुसार. मोकळं असलेलं बरं."

"हो का?" त्यांनी साखरेचा डबा माझ्याकडे सरकवला. "मी सांगून ठेवलंय मुलाला. माझ्यानंतर या दोन फळ्या वहिनींच्या. त्यांच्या कड्या वाट बघतायत."

"अहो, काहीतरीच काय बोलता."

"का? तुम्हाला नकोत?"

मी चहा प्यायले. 

तर सध्या परिस्थिती अशी आहे. वन्सं रोज पहाटे तळजाईच्या टेकडीवर जातात. कडक अंथरुणानं कंबर सुटली, आता चढावर धाप लागत नाही म्हणतात. साखर सोडली, रात्रीचं जेवण दिवेलागणीला उरकतात, वजन तोलून ठेवलंय. मी हे सगळं ह्यांच्याकडून काढून घेते. दिवाणखान्यातल्या कड्यांना सुनेनं तात्पुरती मनीप्लांटची कुंडी टांगली आहे.

गेल्या महिन्यापासून मीही टेकडीवर जायला लागले आहे. आमच्या बाजूच्या. दोन बाकांपर्यंत जाते, तिथे बसते, मग तिसऱ्यापर्यंत. भात कमी केला. ह्यांनी कारण विचारलं नाही. म्हणजे ह्यांना ते कळलं आहे आणि म्हणजे ते सहकारनगरलाही कळलं असणार.

काल वन्संचा फोन आला.

"काय वहिनी, टेकडीवर जाता म्हणे? या वयात अचानक?"

"सकाळची हवा चांगली असते."

"असते," त्या म्हणाल्या. "मी उद्यापासून दोन फेऱ्या मारणार आहे."